जनकाचं तोंड

८ फेब्रुवारी, शनिवार

ही डायरी बियाण्याच्या दुकानाची आहे. पहिल्या पानावर भेंडीचा फोटो आहे. नातीनं, वैष्णवीनं दिली. म्हणली, आजी, पप्पाच्या डोळ्यात थेंब कधी टाकले अन् साखर किती निघाली ते ह्यात लिहीत जा. मी चौथीपर्यंत शिकलेली. काना-मात्रा चुकंल. तपासायला कोणी मास्तर बसलेला नाही.

सोमेश्वरची साखर २८६. थेंब सकाळी सातला, दुपारी दोनला, दिवे लागायच्या वक्ताला.

नांदेडच्या डाक्टरनं सांगितलं ते असं. डावा डोळा गेला. उजव्यात आतून रक्त उतरून राहिलं. २४ मार्चला ऑपरेशन. त्यानंतर दिसंल का, ते सांगता येत नाही. सून दिपा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मी डबा उघडून भाकर खाल्ली. मी उपाशी राहून त्याचा डोळा सुधरत असता तर राहिले असते.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज जेवताना सोमेश्वर बोलला. बावन्न वर्षांचा बाप्या, दोन एकर हळदीचा मालक, ताटात बघत म्हणला की डोळे जाणारच असले तर जायच्या आधी एकदा आईचं तोंड पाहायचंय.

दिपाचा हात भाकरीवर थांबला.

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण जनका. तो तीन दिवसांचा होता तेव्हा मेली. तिचा फोटो कधी निघालाच नाही. आमच्या डोंगरकड्यात तेव्हा फोटो काढायला तालुक्याला जावं लागायचं, अन् पोरीचा फोटो काढायला कोण जातं. मागं लेकरू राहिलं. त्याला सांभाळायला बाहेरची बाई कशाला, म्हणून त्याच घरात मला दिली. मी चौदा वर्षांची होते. मला स्वतःचं झालं नाही. सोमेश्वर मला मावशी म्हणतो. माझ्या आईनंच त्याला तसं शिकवलं, जनकाची जागा जनकाचीच राहावी म्हणून. मावशी तर मावशी. कोणी हाक मारली की उठायचं, एवढंच.

मी म्हणलं, "मेलेल्या बाईचं तोंड कुठून आणायचं आता?"

वैष्णवी म्हणली, "कॉम्प्युटर काढतो आजी. आपण सांगू तसं चित्र काढतो. फोटोवानी दिसतं."

"सांगणार कोण त्याला?"

ती माझ्याकडं पाहत राहिली. सोमेश्वरही पाहत राहिला, जेवढं दिसतं तेवढं. जनकाला पाहिलेलं आता जित्तं माणूस मी एकटी. भाऊ आहे ग्यानबा, पण तो तेव्हा पाच वर्षांचा, नागडा फिरायचा.

११ फेब्रुवारी

साखर २६०. हळद काढायला बाया आल्या. बाकी काही नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वैष्णवी वसमतच्या पुनमचंद शेठच्या स्टुडिओसाठी लग्नाचे अल्बम घरीच बनवते. त्यासाठी कॉम्प्युटर आहे, मधल्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी. तिनं मला बसवून समजावलं की असं चित्र मोबाईलवरही निघतं, पण त्यात आपला मजकूर, आपले फोटो कुठल्या कुठं दुसऱ्यांच्या मशीनवर जातात. मी म्हणलं मग नकोच. आपल्या घरची बाई मेल्यावर कशाला गावोगाव फिरवायची. घरात जे व्हायचं ते घरात होऊ दे. तर म्हणली, तेच करून राहिले आजी, घरच्या कॉम्प्युटरवर टाकून राहिले. लाईनवर अवलंबून, पण बाहेर काही जाणार नाही.

आधी पायथन नावाचं काहीतरी टाकलं. मी विचारलं पायथन म्हणजे काय, तर म्हणली अजगर. आमच्या सोयऱ्यात कोणी मेलेल्यासाठी अजगर आणलेला ऐकला नाही. मग काळा पडदा आला अन् त्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली. दोन तास पळाली. शेवटी लाल झाली अन् थांबली. वैष्णवीनं कपाळाला हात लावला. पुन्हा पहिल्यापासून.

सोमेश्वर दारात खुर्ची टाकून बसला होता. घडीघडी विचारायचा, झालं का. दिपा म्हणली, "अहो, भात हाय का तो, झाला का झाला का करायला." तेव्हा गप बसला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आता मॉडेल उतरवून राहिली आहे. मी म्हणलं कोणाची नजर लागली, मीठमिरची आणू का. पोरगी हसली. मॉडेल म्हणजे ज्यानं लाखो तोंडं पाहिलेत असं काहीतरी. ते इंटरनेटमधून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवायचं. साडेसहा जीबी. आपल्या घरात नेट फक्त माळवदावर पाण्याच्या टाकीजवळ लागतं, म्हणून मोबाईल टाकीवर ठेवला, त्याला सावलीसाठी सूप झाकलं. सकाळी आठला सुरू केलं. एक वाजता ब्याण्णव टक्के झालं अन् लाईन गेली.

ज्यानं लाखो तोंडं पाहिलेत त्याला जनकाचंच नेमकं दिसलं नाही.

साखर ३१०. दिपानं गोड चहा दिला असणार. विचारलं तर तोंड फिरवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सुरू झालं. वैष्णवीनं पहिलं चित्र काढलं. इंग्रजीत लिहिलं होतं की महाराष्ट्रातल्या खेड्यातली वीस वर्षांची बाई. एक मिनिटभर पंखे गुरगुरले अन् बाई आली. डोक्यावर मातीचा माठ, अंगात आरशांचा घागरा, नाकात केवढी नथ, मागं वाळू. अशा बाया मी औंढ्याच्या जत्रेत खेळणी विकताना पाहिल्या. मांडीवर लेकरू होतं. लेकराच्या एका हाताला सात बोटं.

मी म्हणलं, "सोमेश्वर, हात दाखव, मोजू दे."

तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला.

मग वैष्णवीनं मोठं चित्र काढायला लावलं तर मशीन अडकलं. म्हणली कार्डाची मेमरी कमी पडली. मेमरी म्हणजे काय विचारलं. आठवण, म्हणली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज मला समोर बसवून विचारायला लागली. वही घेऊन, तलाठ्यासारखी.

"आजी, नाक कसं व्हतं?"

"आमच्या मामाचं."

"मामाचं कसं?"

"मामासारखं."

"कपाळ?"

"शिरडच्या आत्याचं. हनुवटी आमच्या आईची. चाल बापाची, पण चाल तुझ्या फोटोत येत न्हाई."

तिनं पेन खाली ठेवला. "आजी, मशीनला तुझा मामा माहीत न्हाई."

"मग त्याला काय माहीत हाय?"

"लांब, आखूड, बसकं, सरळ. असं सांग."

असं कोणी सांगतं का माणूस? बाळंतिणीच्या खोलीत गेलं की आपण लांब-आखूड म्हणत नाही. कोणाचं आहे ते म्हणतो. मामाचं नाक म्हणलं की सगळ्यांना कळायचं. आता मामा नाही, आत्या नाही, आई नाही. त्यांचेही फोटो नाहीत.

सोमेश्वर बाजूला कान लावून बसला होता. मी म्हणलं उद्या सांगते, म्हशीला पाणी पाजायचंय.

म्हशीजवळ बसून हे लिहिते. इथं कोणी येत नाही. खरं लिहिते. मला जनकाचं तोंड आठवत नाही.

बाकी आठवतं. हिरव्या बांगड्या. टाचेला भेग. "चतुरे, लोटा आण" असं ओरडायची ते. माझी वेणी घालताना इतकी ओढायची की डोळ्यात पाणी यायचं. पण तोंडाच्या जागी काही येत नाही. सासरी गेल्यावर तीन वर्षांत चार वेळा माहेरी आली असंल. मेल्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा सवाष्ण गेली म्हणून मळवट भरला होता. सगळं तोंड हळदीकुंकवानं माखलेलं. मी पाहिलं ते लाल-पिवळं पाहिलं. त्याच्याखाली जनका होती का दुसरी कोणी, मला सांगता यायचं नाही.

बारा दिवसांपासून मी ह्यांना माहीत असल्यासारखं दाखवून राहिले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. घरात उपास. सोमेश्वरला साबुदाणा बंद, त्याला भगर दिली.

औंढ्याला कोणी गेलं नाही. मी शेवटची कधी गेले ते दिपानं विचारलं, मी म्हणलं आठवत नाही. आठवतं. सोमेश्वर दीड वर्षाचा होता. जत्रेत फोटोवाला होता, मागं पडदा लावलेला, पडद्यावर चंद्र अन् विमान. मालकांनी मला अन् लेकराला स्टुलावर बसवलं. ते स्वतः बसले नाहीत. फोटो घरी आला अन् आठ दिवसांनी माझी आई आली. तिनं पाहिला. म्हणली, "बहिणीची राख निवली न्हाई अन् तिचं लेकरू मांडीवर घेऊन फोटो काढलास?" फोटो ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवला, त्यावर लुगडी ठेवली. तो अजून तिथंच आहे. सोमेश्वरला दाखवला नाही. दाखवायचं कारण पडलं नाही.

१ मार्च, शनिवार

सोमेश्वरनं डोकं लढवलं. म्हणला, मावशी, तुझ्या गळ्यात आई हाय ना, तिच्यावरून काढ म्हणावं.

माझ्या गळ्यात सवतीचा टाक आहे. पहिली मेल्यावर दुसरी करून आणली की तिच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक घालतात, म्हणजे ती त्रास देत नाही. चिंचोक्याएवढा. त्यावर सोनारानं ठोकलेले दोन डोळे, एक नाक. सोनारानं जनकाला पाहिलं नव्हतं. त्याच्याकडं एकच ठसा, गावातल्या सगळ्या मेलेल्या सवती त्याच एका तोंडाच्या. मालक गेले तेव्हा मंगळसूत्र निघालं, टाक राहिला. सोमेश्वर लहानपणी तो मुठीत धरून झोपायचा. त्याला खरंच वाटायचं की ही आपली आई.

वैष्णवीनं टाकाचा फोटो काढून मशीनला दिला. मशीननं मुकुट घातलेली, चार हातांची देवी काढली. दुसऱ्या वेळेला बेडकाच्या डोळ्यांचा म्हातारा. सोमेश्वर देवीसमोर नाक टेकवून बसला, कारण त्याला बोटभर अंतरावरूनच दिसतं आता. अन् त्यानं हात जोडले.

मी म्हणलं, "पाया काहून पडून राहिला? जनका न्हाई ती."

"मग तू सांग ना, कशी व्हती. पन्नास वर्षं झाले मावशी, तू एकदाबी सांगितलं न्हाई."

"तू विचारलं न्हाई."

"मला वाटायचं, तुला वाईट वाटंल."

मी उठून चुलीवरचं पाणी उतरवलं. उकळलंही नव्हतं.

५ मार्च, बुधवार

साखर २३८. साखर ऐकायला लागली तर डोळा ऐकेना. सकाळी म्हणला उजव्या डोळ्यापुढं काळे धागे तरंगून राहिले. चहा बशीच्या बाहेर ओतला. शिजलेली हळद अंगणात वाळत घातली आहे, त्यातलं हळकुंड उचलून कानाशी मोडून पाहतो, वाळलं का नाही ते आवाजावरून सांगतो. अजून चुकत नाही. पण मजुराच्या बायकोला वैष्णवी समजून हाक मारली.

वैष्णवीला म्हणला, "लवकर कर बाई. चोवीस तारखेपर्यंत टिकत न्हाई हा."

ती रोज काढते. तीसचाळीस बाया झाल्या असतील. मी रोज म्हणते, ही नाही. एवढं खरं बोलते.

७ मार्च, शुक्रवार

सोमेश्वर अन् दिपा रक्त तपासायला हिंगोलीला गेले. मी ट्रंक उघडली. फोटो काढून वैष्णवीच्या पुढं ठेवला. एक कोपरा कसरीनं खाल्ला आहे, मधून चीर गेली आहे.

तिनं तो उजेडात धरला. म्हणली, "आजी, ही तू?"

"दुसरी कोण."

"तू हसून राहिली ह्याच्यात."

"फोटोवाल्यानं हस म्हणलं असंल."

तिला सांगितलं की पप्पाला दाखवायचा नाही. आम्ही सख्ख्या बहिणी, तर माझं तोंड घे अन् जनकाचं जे वेगळं होतं ते बदल. पोरगी हुशार, लगेच समजली. मोबाईलनं फोटो मशीनमध्ये घेतला, मांडीवरचं लेकरू कापून बाजूला काढलं, नुसतं तोंड ठेवलं. मशीनमध्ये एक पट्टी आहे. ती पुढं सरकवली की मशीन जास्त बदलतं, मागं घेतली की कमी.

"सांग आजी, काय काय बदलू?"

आता मला सांगणं भाग होतं.

१० मार्च, सोमवार

गावात सगळे म्हणायचे की जनका गोरी अन् चतुरा काळी. म्हणून सांगितलं, गोरी कर. डोळे मोठे कर. नाक सरळ कर. वैष्णवीनं पट्टी बरीच पुढं नेली. कुंकू मोठं लावायला लावलं, ते तीनदा टिकली एवढंच आलं, मग हातानं लावलं. आली ती बाई टीव्हीवर साबण विकायच्या कामाची होती.

तेवढ्यात भाऊ ग्यानबा डोंगरकड्याहून हरभरे घेऊन आला. चष्मा पुसून पाहिलं अन् म्हणला, "हीच. जनकाअक्का. हुबेहूब."

मी म्हणलं, "तुला काय आठवतं रे? तू तेव्हा शेंबूड पुसायला माझा पदर धरायचा."

"आठवतं म्हणजे, मनात हाय ना."

दिपाही म्हणली छान आहे, सासूबाई देखण्या होत्या. सोमेश्वर जवळ गेला. डोळा पडद्याला लागतो का काय एवढा जवळ. एका गालावरून दुसऱ्या गालावर गेला. मग मागं सरला.

"ही कोणाकडंच पाहत न्हाई," म्हणला. मग मला विचारलं, "मावशी, ही हाय का?"

सगळे म्हणतात आहे, तरी मलाच विचारतो.

मी म्हणलं, "न्हाई."

ग्यानबा रुसून जेवला.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पुरण शिजायला टाकून दिपा गोवऱ्या द्यायला गेली, सोमेश्वर अंगणात हळदीपाशी. मी वैष्णवीजवळ बसले. ऑपरेशनला अकरा दिवस राहिले.

मी म्हणलं, डोळे एवढे मोठे नव्हते, कमी कर. पट्टी जरा मागं घेतली. रंग एवढा गोरा नव्हता. अजून मागं. ओठ असे नव्हते. नाकपुड्या अशा नव्हत्या. मला काय होतं ते सांगता येत नव्हतं, काय नव्हतं तेवढं सांगता येत होतं. एकेक काढत गेलो. बाई बरी दिसायला लागली. माणसातली.

मग वैष्णवीनं हात थांबवला.

"आजी, पट्टी आता शून्याजवळ आली. मशीननं आता काहीच केलेलं न्हाई. चीर जोडली अन् धूळ काढली, बस."

"मग?"

"मग ही तू हाय."

मी पाहिलं. सोळा वर्षांची पोरगी. पुढचा दात थोडा आडवा. तो दात पडून वीस वर्षं झाली. मला काही वाटलं नाही. पाय बधिर झाल्यावर आपल्याच पायाला हात लावतो तसं झालं थोडं.

"राहू दे," म्हणलं.

"पप्पाला काय सांगू?"

"तू काही सांगू नको. मी सांगते."

"आजी, पण..."

"बहिणीच व्हतो आमी. उन्नीस-बीस. दिवस किती राहिले ते मोज."

पुरण खाली लागलं. करपट पोळ्या खाल्ल्या सगळ्यांनी.

१६ मार्च, रविवार

सकाळी दहाला लाईन होती. वैष्णवीनं पडदा भरून तोंड मोठं केलं. सोमेश्वर बसला. दिपा मागं उभी, मी कोठीला टेकून.

त्याचा डोळा कपाळापासून खाली आला, भुवई, नाक, दात. आमच्याकडं बी पेरल्यावर माणूस सरीत असं बघत जातो. मग विचारलं.

"मावशी, हीच का?"

"हीच."

"खरं?"

"मी कशाला खोटं बोलू?"

"अशी हसायची?"

"लेकरू मांडीवर असलं की हसायची."

"तीनच दिवस व्हतो ना मी मांडीवर."

"तीन दिवस हसली," म्हणलं.

त्यानं बोट लावलं. बोट हळदीचं, पडद्यावर गालाला पिवळा डाग पडला. दिपा पदरानं डोळे पुसायला लागली. वैष्णवी उठून आत गेली, भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

"ही पाहून राहिली माझ्याकडं," सोमेश्वर म्हणला. कोणाला म्हणला माहीत नाही. लाईन जाईपर्यंत बसून होता. लाईन गेल्यावरही बसून होता.

साखर घ्यायची राहिली.

१९ मार्च, बुधवार

पुनमचंद शेठनं मोठा करून, चौकटीत बसवून फोटो पाठवला. सोमेश्वरनं स्वतः खिळा ठोकला. बोट ठेचलं, पण ठोकला. मालकांच्या फोटोच्या शेजारी लावला.

दिपानं दोन हार आणले होते, एक सासऱ्याला अन् एक सासूला. सासऱ्याला घातला. दुसरा उचलला तर वैष्णवीनं तिचा हात धरला. जित्त्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, ते तिलाही कळतं. पण बोलायची चोरी.

"मम्मी, नको. हारानं तोंड झाकतं. पप्पाला आधीच दिसत न्हाई."

दिपाला पटलं. मी म्हणलं घाल बाई, हार वाया जाईल. वैष्णवी माझ्याकडं असं पाहून राहिली की मी गप बसले. तो हार मग म्हशीनं खाल्ला.

दुपारी ती पोरगी माझ्या मागं येऊन बसली, न विचारता डोक्याला तेल लावायला लागली. मी म्हणलं तेल कमी घाल, उशी खराब होते.

सोमेश्वर सकाळपासून सात वेळा फोटोपाशी गेला. मोजायच्या म्हणून मोजल्या नाहीत.

२४ मार्च, सोमवार

नांदेड. बाकावर बसून लिहिते. दोन तास झाले, आत आहे.

आत न्यायच्या आधी नर्सनं कागदावर माझं नाव घेतलं. चतुराबाई. मग विचारलं, "पेशंटच्या आई का आजी?" सोमेश्वर खाटेवर होता, ऐकत होता.

मी म्हणलं, "मावशी लिहा."

तिनं लिहिलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. काल डोळ्याची पट्टी काढली. उजेड कळतो. पुढं हात हलवला तर हलला म्हणतो. बाकी नाही. डाक्टर म्हणतात दोन महिने बघू. असं ते सगळ्यांनाच म्हणत असतील.

गुढी दिपानं उभारली. सोमेश्वरनं विचारलं साडी कोणत्या रंगाची लावली. हिरवी, म्हणली. बरं म्हणला.

रडला नाही. म्हणला, "जे पाहायचं ते पाहिलं मी."

वैष्णवी तिथंच उभी होती. माझ्याकडं पाहिलं नाही तिनं.

७ एप्रिल, सोमवार

हळद पॉलिशला गेली. अंगण मोकळं झालं.

आता तो भिंत धरून चालतो. सकाळी अंघोळ झाली की मधल्या खोलीत येतो, फोटोसमोर उभा राहतो, बोलतो काहीबाही. मी तेव्हा तिथं थांबत नाही.

आज चौकटीची काच पुसत होते. झाडलोटीनं धूळ बसते. तो कधी आला कळलं नाही. माझ्या अन् त्याच्या मधे हातभर जागा. मी फोटोच्या बराबर पुढं उभी, हातात फडकं. बाजूला झाले असते तर पायात बादली आली असती, म्हणून हलले नाही.

त्यानं हात जोडले.

"आई," म्हणला.

माझ्या तोंडात ओ आली. पार दातापर्यंत आली. गिळली.

"आई, हळद गेली आज. बरी उतरली. तू काळजी करू नको." त्याचा डोळा माझ्या तोंडावर होता, आता त्यात काही येत नाही. मी श्वास धरून उभी होते. बराच वेळ बोलला. पाऊस कसा होईल, वैष्णवीला स्थळ पाहायचंय, साखर आता ठीक आहे. सगळं ऐकलं.

मग हात सोडले, डोकं वळवलं, दाराकडं तोंड करून हाक मारली.

"मावशी, कुठं हायेस गं?"

"हितंच हाय," म्हणलं.